मूळ नोंदीबरहुकूम

वेधशाळेचं क्वार्टर महिनाअखेर रिकामं करून द्यावं, असा कागद थोरल्याच्या हातात पडला आणि त्याच आठवड्यात आईने तिन्ही मुलांना रविवारी दुपारी बोलावून घेतलं. थोरल्याने बायकोसह आपल्याकडे राहायला यावं, असं तिच्या मनात होतं. पण तिच्या दोन खोल्यांत आता मधलीही होती. मधलीचा नवरा टेलिफोन केंद्रात मेकॅनिक. त्याच्या खिशात कायम तारांचे तुकडे सापडायचे, म्हणून सगळं घर त्याला तारवाला म्हणायचं. त्याला पोलीस घेऊन गेले त्याला पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून मधली आपलं शिवणयंत्र घेऊन आईकडे आली होती, आणि तिने आईला स्पष्ट सांगितलं होतं, की दादा या घरात राहायला आला तर मी त्याच दिवशी बाहेर पडेन.

धाकटा आणि त्याची बायको जिना चढत होती तेव्हा पहिल्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं. धाकटा टपाल कार्यालयात. या दारातल्या बाईंनी नातवाच्या संग्रहासाठी जुनी तिकिटं मागितल्याशिवाय त्याला कधी वर जाऊ दिलं नव्हतं. आता त्या दाराआड उभ्या राहून पावलं मोजत असाव्यात.

दुसऱ्या मजल्यावर धाकटा थांबला आणि त्याने बायकोला हळू आवाजात बजावलं, की आज कुणाचीही बाजू घ्यायची नाही. ऐकून घ्यायचं, चहा घ्यायचा आणि पाचच्या बसने निघायचं. ती बरं म्हणाली. गेले सहा आठवडे ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होती.

वर थोरला दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, रेल्वेच्या प्रतीक्षालयात बसावं तसा, पाठ न टेकता. बावीस वर्षं हा माणूस रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहीत आला होता, आणि आता त्याच्यामुळे देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं ठरलं होतं. वहिनी त्याच्या शेजारी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत होती. मधली खिडकीपाशी यंत्रामागे होती. यंत्रावर कापड नव्हतं. तिच्याकडे शिवायला येणाऱ्या बायका एकेक करून येऊन आपलं कापड परत घेऊन गेल्या होत्या. काहींनी तर माप घेतलेलं, कापलेलं, अर्धं शिवलेलंसुद्धा नेलं होतं. कुणी कारण सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

आईने आधी जागेचं बोलून घेतलं. बाहेरच्या खोलीत थोरला आणि त्याची बायको, आत मी आणि ही. सामान फार नसेल तर मावेल. वहिनी म्हणाली की सामान विकूनच टाकतोय, खाट आणि पुस्तकं तेवढी आणू. पुस्तकं म्हटल्यावर आईने आपसूक दाराकडे बघितलं. मग वहिनीनेच घाईने सांगितलं, की तसली काही उरली नाहीत, आता फक्त ढगांची आणि वाऱ्यांची.

मधलीने हे सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांपुढे एक बोट होतं. चौकशी अधिकाऱ्याचं स्वच्छ, नख कापलेलं बोट. सरकारी खात्यांतले कम्युनिस्ट शोधून काढायला नेमलेल्या समितीपुढे तिच्या भावाची साक्ष झाली होती, आणि त्या साक्षीचं सातवं पान अधिकाऱ्याने तिच्यासमोर धरलं होतं. वरचा आणि खालचा मजकूर तळहाताने झाकून त्याने मधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं होतं. तो अतिशय सभ्यपणे बोलत होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. तिने वाचलं: साक्षीदाराचे उत्तर, होय. बहिणीचे यजमान दर गुरुवारी येत असत. पक्षाचे साप्ताहिक तेच आणून वाटत असत.

तारवाल्याने ते साप्ताहिक दोन वर्षं टेलिफोन केंद्राच्या फाटकावर उभं राहून उघड विकलं होतं. तेव्हा त्यात गुन्हा नव्हता. मग एका सकाळी तो गुन्हा झाला, आणि आधीची दोन वर्षंही त्यातच धरली गेली. त्याच्यावर नेमका आरोप काय, हे पाच आठवड्यांत कुणी लेखी दिलं नव्हतं. वकिलाने विचारलं तर त्याला सांगण्यात आलं, की सुरक्षा कायद्याखालच्या अटकेत ते सांगायचं बंधन नाही. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटांची भेट मिळायची. गेल्या भेटीत मधलीने नवऱ्याला जाळीतून सांगितलं होतं, की दादाने तुमचं नाव दिलं. त्याचा हात जाळीवरून खाली आला होता.

"आई, जागेचं नंतर बघू," मधली म्हणाली. ती भावाकडे वळली. "दादा, मला एवढंच सांग. तू यांचं नाव घेतलंस की नाही?"

थोरल्याने खिडकीकडे बघितलं. आभाळाकडे बघायची त्याला सवयच होती. "मला त्याबद्दल काही बोलायचं नाही."

"नाही म्हण. नुसतं नाही म्हणालास तरी मी मानीन."

त्याने नजर खिडकीवरून काढली नाही.

आई म्हणाली की साक्षीदाराला बाहेर काही सांगता येत नाही, तशी शपथ घालतात, हे तिने कुठेतरी ऐकलंय. मधलीने मान हलवली. शपथेचं भय बाळगणाऱ्यातला तो नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. लहानपणी तिने फोडलेल्या आरशाचा मार त्याने खाल्ला होता आणि तेव्हाही असाच खिडकीकडे बघत बसला होता. पण तेव्हा त्याने निदान मी फोडला एवढं म्हटलं होतं.

वहिनी अचानक बोलली. "मलासुद्धा सांगत नाहीत हे. रोज विचारते. तुम्ही नाव दिलं नाही ना, एवढंच विचारते. भिंतीकडे तोंड करून बसतात." मग ती उठली आणि यंत्रापाशी, मधलीच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. "अहो, मलाही कळायला पाहिजे आता. मी कुणाबरोबर राहतेय ते."

दाराजवळच्या खुर्चीत थोरला एकटा उरला. आईने त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्याही चेहऱ्यावर ती शंका येऊन बसली.

धाकट्या सुनेने ते पाहिलं. थोरला दीर आपल्याकडे एकदाही बघत नाहीये, हेही तिच्या लक्षात आलं. आल्यापासून त्याने खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे बघितलं होतं, ती सोडून.

ती समितीच्या कचेरीत टंकलेखन विभागात होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती तिथे अर्ज आणि हजेरीपट टाइप करते अशीच सगळ्यांची समजूत होती, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं. सहा आठवड्यांपूर्वी समितीचा नेहमीचा लघुलेखक गालगुंडाने आजारी पडला आणि ऐनवेळी हिला वर पाठवलं गेलं. साक्षीदार कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीला लागली तेव्हा तिचं लग्न झालं नव्हतं. कचेरीच्या दप्तरी अजून माहेरचं आडनाव होतं. बदलायचा अर्ज आज देऊ उद्या देऊ म्हणत सात वर्षं राहून गेला होता.

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत समितीचे तीन सभासद उंच पाठीच्या खुर्च्यांवर होते आणि साक्षीदाराची खुर्ची त्यांच्यापेक्षा चार बोटं बुटकी होती. तिने सहा पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोक करून मांडल्या, पानापानावर शिक्का आणि क्रमांक असलेली वही उघडली, आणि दार उघडून थोरले दीर आत आले. त्यांनी एखाद्या कपाटाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि नजर पुढे नेली.

लघुलेखन करताना अर्थ ऐकायचा नसतो, आवाज ऐकायचा असतो, असं तिला शिकवलं होतं. त्या दिवशी तिला अर्थ ऐकू येत होता. अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ आणि मेहुणा यांच्याखेरीज तुमच्या नात्यातलं कुणी सरकारी नोकरीत आहे?" साक्षीदार शपथेवर म्हणाला, "नाही." तिने तो शब्द लिहिला. लघुलिपीत तो एवढासा असतो, एक वाकडी रेघ. खोट्या साक्षीला पाच वर्षं कैद होती, आणि ती वाकडी रेघ तिचं नातं लपवण्यासाठी ओढलेली होती.

मग तारवाल्याबद्दल विचारलं गेलं. तेच अकरा वेळा विचारलं गेलं, शब्द बदलून, आवाज चढवून, मग मऊ करून. अकरा वेळा उत्तर एकच आलं.

"ताई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "ताई, भाऊजींनी नाव घेतलं नाही. मी तिथे होते. मीच लिहून घेतलं."

आई उठली. तिने खिडकी लावून घेतली, मधलीला खूण करून यंत्रामागून उठवलं, स्वतः तिथे बसली आणि कापड नसलेल्या, दोरा नसलेल्या यंत्राचं पायडल मारायला लागली. यंत्राचा खडखडाट भिंतीभिंतीला लागला. खालच्या मजल्यावर आता एवढंच ऐकू जाणार होतं, की म्हातारी रविवारीसुद्धा शिवत बसलीय.

"बोल आता," आई म्हणाली.

तिने सांगितलं. खोली सांगितली, खुर्ची सांगितली, ते खोटं नाही सांगितलं. अकरा वेळचं उत्तर तिला पाठ होतं. ते तिने जसंच्या तसं म्हटलं, "माझ्याबद्दल जे विचाराल ते सांगेन. दुसऱ्या माणसाबद्दल एक शब्द बोलणार नाही." वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण तेवढ्यावर थांबता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पक्की प्रत टाइप होऊन तिच्यापुढे आली. तिच्या वहीतली साडेचार पानं सातव्या पानावर दोन ओळींत बसवली होती, आणि उत्तराच्या जागी होय होतं. तळाशी छापलेलं होतं, मूळ नोंदीबरहुकूम, आणि त्यापुढे तिच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ. तिने अधीक्षकांना म्हटलं, की सातव्या पानात काहीतरी चूक झालेली दिसते. त्यांनी मान वर केली नाही. चूक तुमच्या वहीत असेल, ही प्रत अध्यक्षांनी स्वतः वाचलीय, असं म्हणाले. मग हजेरीपट पुढे ओढून अगदी सहज म्हणाले, "तुमचं आडनाव अजून माहेरचंच दिसतंय. लग्नाला किती वर्षं झाली?"

"आणि मी सही केली," ती म्हणाली. "ताई, तुम्हाला दाखवलं त्या पानावर खाली माझी सही आहे. त्यांनी हाताने झाकली असेल."

थोरला उठून उभा राहिला. सहा आठवड्यांत त्याचा चढलेला आवाज घरात पहिल्यांदा ऐकू आला, आणि तो चढला तो तिच्यावर. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? मी तोंड शिवून बसलो होतो ते कशासाठी? दोघांना ठाऊक होतं, आता सहा जणांना ठाऊक झालं." तो थरथरत होता. समितीपुढे तो थरथरला नव्हता, हे तिने पाहिलं होतं. वहिनी यंत्राजवळून उठली आणि परत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, पण त्याला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

धाकट्याने बायकोकडे वळून बघितलं. ही बाई सात वर्षं आपल्या शेजारी जेवते, उठते, बसते, आणि हिने यातलं एक अक्षर आपल्याला सांगितलं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो घाईघाईने बोलायला लागला. इथे कुणी काही बोललेलं नाही, कुणी काही ऐकलेलं नाही, आपण आईला भेटायला आलो होतो. यंत्राच्या आवाजात त्याला स्वतःचेच शब्द नीट ऐकू येत नव्हते.

मधलीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती वही कुठे आहे, हे तिने विचारलं. वही अधीक्षकांच्या लोखंडी कपाटात होती, सहा महिन्यांनी जाळून टाकतात. म्हणजे अजून आहे, मधली म्हणाली, वकिलाला सांगून मागवता येईल. थोरल्याने तिला बसवलं आणि समजावलं. या कायद्यात वकिलाला पुरावा बघायचाच हक्क नाही. आणि वही मागितली, तर ती बदलली गेलीय हे आपल्याला कुणी सांगितलं, असा पहिला प्रश्न येईल. ती वही एकाच माणसाच्या हातात होती.

मधली बराच वेळ धाकट्या भावजयीकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता की नाही, हे धाकट्याला ओळखता येईना. हिच्या एका वाक्याने कदाचित तारवाला सुटला असता, कदाचित नसता, पण ही नक्की आत गेली असती, आणि पाठोपाठ दादा. मधली मनात तेच जुळवून बघत असावी. आईचे पाय यंत्रावर चालूच होते.

"मग त्यांना यांचं नाव दिलं कुणी?" मधलीने विचारलं. "गुरुवारचं, साप्ताहिकाचं, हे त्यांना कुठून कळलं?"

धाकट्याच्या बायकोने श्वास घेतला. "ते मला ठाऊक नाही, ताई."

खोटं बोलण्याआधी ती असाच श्वास घेते, हे त्या खोलीत फक्त धाकट्याला माहीत होतं.

चहा झाला. कुणी फारसा प्यायला नाही. ठरलं ते एवढंच, की थोरल्याने शनिवारी सामान घेऊन यावं, आणि हे मधलीच म्हणाली. पाचला धाकटा आणि त्याची बायको निघाली. रस्त्यावर रविवारची दुकानं बंद होती. बसथांब्यावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत उभा होता. त्याच्याकडे न बघता दोघं पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली.

"तू ताईला खोटं सांगितलंस," धाकटा म्हणाला.

"हो."

"तुला ठाऊक आहे."

"अध्यक्षांच्या हातात टपाल खात्याचा फॉर्म होता. दहाव्या रकान्यातलं वाचून दाखवत होते. कागद माझ्या बाजूला कलला, तेव्हा अक्षर दिसलं." ती रस्त्याकडे बघत होती. "तुमचा र मी ओळखते."

धाकट्याने खांबाला हात टेकला. वसंतात त्याला मुख्य कारकुनाची बढती यायची होती आणि त्यासाठी बारा रकान्यांचा फॉर्म भरून द्यायचा होता. दहाव्या रकान्यात विचारलं होतं, की नातेवाइकांपैकी कुणाचा कम्युनिस्ट पक्षाशी आज किंवा पूर्वी संबंध आहे काय, कुणी अशा मंडळींच्या बैठकांना जातं काय. खाली ठळक छापलं होतं, माहिती दडवल्यास बडतर्फी. तारवाला फाटकावर उभा राहून पेपर विकत होता, अर्ध्या शहराने त्याला पाहिलं होतं. यात सांगण्यासारखं नवीन काय, त्यांना हे आधीच ठाऊक असणार, आपण लिहिलं नाही तर आपणच तेवढे सापडू, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि एकदा लेखणी टेकल्यावर हात थांबला नाही. दर गुरुवारी थोरल्या भावाच्या क्वार्टरात वाचनमंडळ भरतं, हेही त्याने लिहिलं. नीट, वळणदार अक्षरात. रकाना पुरला नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

"वर का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर घरी कुणाबरोबर गेले असते?" मग ती म्हणाली, "आणि मी कुणाकडे बोट दाखवू? सातव्या पानावर सही माझी आहे."

बस आली, थांबली. कंडक्टरने दोघांकडे बघितलं आणि घंटी दिली. बस गेल्यावर धाकटा म्हणाला, की तू इथेच थांब, मी आलो. ती खांबापाशी थांबली. त्याने रस्ता ओलांडला आणि तो आईच्या घराकडे परत चालत गेला. जिना चढताना पहिल्या मजल्यावरचं दार पुन्हा किलकिलं झालं, आणि या खेपेस तो त्या फटीकडे बघत क्षणभर थांबला, इतका की आतल्या बाईंनी घाबरून कडी घातली.

दार मधलीने उघडलं. काहीतरी विसरलं असेल असं समजून ती आत वळणार होती, पण तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि त्याने तिथूनच सांगितलं. फॉर्म, बढती, दहावा रकाना, मागची बाजू. तो धाप लागल्यासारखा बोलत होता, जिन्यात कुणी ऐकेल याचं भान त्याला नव्हतं. आत आईने ते ऐकलं, पण ती यंत्रापाशी गेली नाही. जागच्या जागी बसून राहिली.

मधलीला वाटलं होतं, की ज्याने हे केलं तो कधी समोर आला तर आपण त्याच्या अंगावर धावून जाऊ. पाच आठवडे तिने हे मनात घोकलं होतं, दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून. आता समोर धाकटा होता. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं आणि तिचा हात ते नीट करायला आपोआप उठत होता. तिने तो आवरला.

"फॉर्म किती दिवस होता तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"तीन."

"माझं घर तुझ्या टपाल कार्यालयापासून दोन गल्ल्यांवर." ती अगदी सावकाश बोलत होती. "तीन दिवसांत एकदा यायचं होतंस. काय लिहायचं ते आपण बसून ठरवलं असतं. यांनीच सांगितलं असतं, लिही माझं नाव, सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणून. दादाचं नाव तेवढं वाचलं असतं."

"घाबरलो होतो, ताई."

"मला?"

"सगळ्यांना."

थोरला आतून येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. नोकरी, क्वार्टर, बावीस वर्षांच्या वह्या, हे सगळं त्या दहाव्या रकान्यातून सुरू झालं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. तो काय बोलतो याची मधली वाट बघत राहिली.

"खाली ती एकटी उभी असेल," थोरला म्हणाला. "जा आता."

धाकटा गेला. मधलीने दार लावलं नाही. त्याची पावलं तळापर्यंत पोचेतो ती तिथेच उभी राहिली. आत येऊन बघते तर आई रडत होती, आणि दोघांपैकी कुठल्या मुलासाठी, हे तिने विचारलं नाही.

त्या रविवारनंतर धाकटा त्या घरी आला तो आई आजारी पडली तेव्हाच, दीड वर्षाने. त्याची बायको मात्र येत राहिली, आठवड्याआड, कचेरी सुटल्यावर. मधली तिच्याशी फार बोलायची नाही, पण ती आली की तिच्यापुढे चहा ठेवायची. सहा महिने पुरे झाले त्या आठवड्यात ती आली आणि चपला न काढताच म्हणाली, की आज कपाट रिकामं केलं, वह्या बंबात घातल्या, मोजून माझ्याच हाताने घालायला लावल्या. मग ती खाली बसली आणि हातावरची काजळी पदराला पुसत राहिली.

पण ते पुढचं. थोरला सामान घेऊन आला त्यानंतरच्या मंगळवारी मधलीची भेटीची पाळी होती.

तुरुंगाच्या त्या लांबट खोलीत दोन जाळ्या होत्या, मध्ये हातभर बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी छोट्या टेबलावर जमादार बसायचा. कोण काय बोललं हे तो एका रजिस्टरात लिहून घ्यायचा. आवाज ऐकू आला नाही तर तो मोठ्याने बोला म्हणायचा. गेल्या खेपेस तिने त्याच्यादेखत सांगितलं होतं, की दादाने तुमचं नाव दिलं, आणि जमादाराने ते आनंदाने लिहून घेतलं होतं. ते आता परत घ्यायचं होतं, आणि ज्या शब्दांनी ते परत घेता आलं असतं, त्यातला एकही इथे उच्चारता येत नव्हता.

तारवाला आला. तो आणखी वाळला होता आणि त्याने तिच्याकडे धड बघितलंही नाही. पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गोष्टींत गेली. आईचे गुडघे. यंत्राचा पट्टा. घरभाडं भरल्याचं तिने सांगितलं, ते कुठून हे त्याने विचारलं नाही.

"दादा आपल्याकडे राहायला आलाय," ती म्हणाली. "वहिनीला घेऊन. बाहेरच्या खोलीत."

त्याने मान वर केली.

"मीच बोलावलं. शनिवारी आले." तिने जाळीत बोटं अडकवली. "उशी कमी पडत होती. तुमची दिलीय त्याला."

जमादाराची पेन्सिल कागदावरून घसरत होती. तारवाला तिच्या तोंडाकडे बघत राहिला, एक एक तार सोडवावी तसा. त्याची उशी ती कुणाला देईल आणि कुणाला देणार नाही, हे त्याला माहीत होतं. मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले, त्याने दोन्ही तळहात जाळीवर दाबले आणि कपाळही टेकवलं. जमादार म्हणाला, मागे व्हा. तो मागे झाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता, आणि तिला सहा आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं की आपण श्वास घेतोय.

"त्याला मऊ उशी लागते," तारवाला म्हणाला. "माझी टणक आहे. सांग त्याला."

"सांगते."

दोन मिनिटं उरली असतील. त्याने घसा साफ केला. नाव दादाने दिलं नसेल तर मग कुणी, हा प्रश्न त्याच्या मनात यायला जेवढा वेळ लागायला हवा होता, तेवढाच लागला.

"आणि धाकटा कसा आहे?" त्याने विचारलं.

तिने जमादाराच्या हाताकडे बघितलं. पेन्सिल थांबली होती, वाट बघत होती.

"बरा आहे," ती म्हणाली. "बढती मिळाली त्याला."

तारवाल्याने जमादाराच्या टेबलाकडे बघितलं. मग त्याने हळूच मान हलवली, एकदा, दोनदा.

"भित्रा होता बिचारा पहिल्यापासून," तो म्हणाला. "त्याला सांभाळा."

वेळ संपल्याची घंटा झाली. जमादाराने दोघांच्या बोलण्याखाली रेघ मारली आणि शेरा लिहिला, घरगुती विषय, आक्षेपार्ह काही नाही.